फुकटचं नत्र

‘हवेत ७८ टक्के नत्र आहे. ते फुकट मिळतंय, मग घ्यायला काय होतंय?’ कृषी मेळाव्यात रायझोबियमच्या, म्हणजे कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठीत राहणाऱ्या जिवाणूच्या, पुड्या पुढे करताना हे वाक्य हमखास कानावर येतं. त्यात खोटं काही नाही. २५० ग्रॅमची पुडी, दहा-पंधरा किलो बियाणं, थोडं गुळाचं पाणी, सावलीत सुकवणं आणि लगेच पेरणी. एवढ्या भांडवलावर सोयाबीन किंवा हरभरा आपल्या नत्राची बरीचशी सोय स्वतःच पाहतो. शेतकऱ्याच्या खिशातून त्या मानाने काहीच जात नाही. पण म्हणून खर्च होतच नाही असं नाही. तो जमिनीखाली, मुळावरच्या इवल्या गाठीत, जिवाणूच्या पेशीत होत असतो. तो किती जबर आहे आणि मुख्य म्हणजे तो टाळता का येत नाही, हे समजून घेण्यासाठी माणसाला एका एन्झाइमचे स्फटिक वाढवून त्यातला अणू न् अणू मोजावा लागला.

नायट्रोजनचा रेणू मोठा हट्टी. त्याचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने धरून असतात, आणि निसर्गात याहून घट्ट जोड्या फार थोड्या सापडतील. आपल्या अंगातलं कुठलंच प्रथिन नत्रावाचून बनत नाही, तरी दिवसभर श्वासातून आत घेतलेला नायट्रोजन आपण जसाच्या तसा बाहेर सोडतो. त्यातलं काहीही अंगी लागत नाही. हा रेणू फोडण्यासाठी माणसाने जो उपाय काढला तो दांडगाईचाच आहे. फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ साली कार्ल्सरूहच्या प्रयोगशाळेत थेंब थेंब अमोनिया काढून दाखवला, कार्ल बॉश यांनी १९१३ साली ओपाऊला त्याचा कारखाना उभा केला. चार-पाचशे अंशांचं तापमान, हवेच्या दाबाच्या दीडशे-दोनशे पट दाब आणि लोखंडाचा उत्प्रेरक. अलिबागजवळ थळच्या आरसीएफ कारखान्यात आज जो युरिया तयार होतो, त्याच्या मुळाशी हीच रीत आहे. जगभरात माणूस वापरत असलेल्या ऊर्जेतला एक-दोन टक्के वाटा अमोनिया बनवण्यातच जातो, असा अंदाज सांगतात.

जिवाणू हेच काम मातीच्या तापमानाला, साध्या हवेच्या दाबाखाली करतो. भट्टी नाही, कॉम्प्रेसर नाही, चिमणी नाही. म्हणून मग आपण लगेच ‘निसर्गाची किमया’ वगैरे म्हणून मोकळे होतो. मला हा शब्द अशा ठिकाणी आळशी वाटतो. किमया म्हटलं की हिशेब विचारायची सोय राहत नाही, आणि इथे तर सगळी गंमत हिशेबातच आहे.

कडधान्यामागून घेतलेलं पीक जोमदार येतं हे शेतकऱ्याला पूर्वीपासून ठाऊक होतं. ‘हरभऱ्याचा बेवड चांगला’ असं म्हणायला कुणाला सूक्ष्मदर्शक लागला नाही. जर्मनीत हेलरीगेल आणि विलफार्ट यांनी १८८६ ते १८८८ या काळात दाखवून दिलं की हे श्रेय मुळांवरच्या गाठींचं आणि त्यातल्या जिवाणूंचं आहे. १८८८ मध्येच हॉलंडच्या बायरिंक यांनी गाठीतला जिवाणू वेगळा काढला. पुढे १९०१ मध्ये त्यांनीच मातीत एकटा राहून नत्र बांधणारा ॲझोटोबॅक्टर शोधला. दोनच वर्षांनी अमेरिकेत न्यू जर्सीतल्या व्हाइनलँड गावच्या मातीत त्याची आणखी एक जात मिळाली, ती ॲझोटोबॅक्टर व्हाइनलँडी. आपल्या कृषी सेवा केंद्रात ज्वारी, गहू, कापसासाठी जी ॲझोटोबॅक्टरची पुडी मिळते, तीत बहुधा क्रोकॉकम ही जात असते; पण घराणं तेच. नत्र बांधणाऱ्या एन्झाइमचा, म्हणजे नायट्रोजनेजचा, बहुतेक सगळा बारीक अभ्यास या व्हाइनलँडीच्या जिवावर झाला. कारण सरळ आहे. त्याला झाडाची सोबत लागत नाही, साखर दिली की तो फ्लास्कमध्येही मजेत वाढतो.

एन्झाइम मात्र मजेत नसतं. त्याला ऑक्सिजन अजिबात सोसत नाही. नायट्रोजनेज ही दोन प्रथिनांची जोडी आहे आणि त्यातलं धाकटं, ज्याला लोह-प्रथिन म्हणतात, ते उघड्या हवेत मिनिटभरात निम्मं निकामी होतं. म्हणून ते पेशीतून काढण्यापासून शुद्ध करण्यापर्यंतचं काम बंदिस्त, ऑक्सिजन काढून टाकलेल्या जागेत चालतं. काचेची पेटी, तिच्यात आर्गॉन भरलेला, बाजूला जाड रबरी हातमोजे बसवलेले. त्यांत हात घालून आतल्या नळ्या हाताळायच्या. हाती येतो तो गडद तपकिरी द्रव. त्याचा बारीकसा थेंब योग्य क्षारांच्या आणि पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या सान्निध्यात ठेवून वाट पाहायची. पाणी हळूहळू कमी होतं आणि प्रथिनाचे रेणू, जमलं तर, शिस्तीत रचले जाऊन स्फटिक होतात. जमलं तर हे महत्त्वाचं. बहुतेक वेळा तळाशी नुसता गाळ बसतो. जमलेला स्फटिकही मिलिमीटरच्या अंशाएवढा असतो आणि एवढी यातायात करून तो क्ष-किरणांच्या माऱ्याने खराब होऊ नये म्हणून अतिशीत तापमानाला गोठवतात. कशात? उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये. ज्याचा हा वायू फोडण्यात हातखंडा, त्याला त्याच वायूत बुडवून ठेवायचं, आणि त्याने एकही रेणू फोडू नये! मला या गोष्टीचं हसू येतं, पण त्यातच मुद्दाही आहे. भोवती कितीही नायट्रोजन असला तरी इलेक्ट्रॉन आणि ऊर्जा पुरवणारं कुणी नसेल, तर हे एन्झाइम काहीही करत नाही.

स्फटिकावर क्ष-किरण टाकले की ते ठराविक दिशांना विखुरतात आणि ठिपक्यांची नक्षी उमटते. त्या ठिपक्यांच्या तीव्रतेवरून गणित मांडून रेणूतले इलेक्ट्रॉन कुठे दाट आहेत, कुठे विरळ, याचा नकाशा काढता येतो. नकाशा किती बारीक, ते अँगस्ट्रॉममध्ये सांगतात. सेंटीमीटरचे दहा कोटी भाग केले तर त्यातला एक म्हणजे अँगस्ट्रॉम. १९९२ साली कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत जाँगसन किम आणि डग्लस रीस यांनी नायट्रोजनेजच्या थोरल्या प्रथिनाचा, मॉलिब्डेनम-लोह प्रथिनाचा नकाशा प्रसिद्ध केला. धाकट्याचाही त्याच वर्षी झाला.

या थोरल्या प्रथिनाच्या पोटात, अमिनो आम्लांच्या वेटोळ्यांनी वेढलेला, धातूंचा एक समूह बसलेला आहे. विनोद शाह आणि विन्स्टन ब्रिल यांनी विस्कॉन्सिन विद्यापीठात १९७७ सालीच तो प्रथिनातून सुटा करून दाखवला होता, पण त्याचा आकार ठाऊक नव्हता. तो आता दिसला. सात अणू लोहाचे, एक मॉलिब्डेनमचा, नऊ गंधकाचे. मॉलिब्डेनमच्या टोकाला होमोसायट्रेट नावाचं एक सेंद्रिय आम्ल चिकटलेलं. आणि एवढा मोठा समूह प्रथिनाने धरलाय फक्त दोन ठिकाणी: एका टोकाच्या लोहाला सिस्टीन या अमिनो आम्लाने, दुसऱ्या टोकाच्या मॉलिब्डेनमला हिस्टिडीन या अमिनो आम्लाने. मधले सहा लोह प्रथिनाला कुठेच चिकटलेले नाहीत. हवेतला नायट्रोजन फुटतो तो या समूहावर. पृथ्वीवरच्या सजीवांच्या शरीरातलं बहुतांश नत्र, कारखाने येण्यापूर्वीच्या कोट्यवधी वर्षांत, अशाच समूहांवरून आलेलं आहे.

पण या चित्रात एक गोष्ट रसायनशास्त्रज्ञांना बोचत होती. मधल्या सहा लोह-अणूंना प्रत्येकी तीनच शेजारी दिसत होते. अशा संयुगांत लोहाला साधारण चार लागतात. शिवाय त्या सहांच्या मधोमध पोकळी दिसत होती. लोहाचे सहा अणू मधली जागा रिकामी ठेवून भोवती उभे, हे कुणाला पटेना. मग तर्क सुरू झाले. नायट्रोजनचा रेणू येऊन याच पोकळीत बसत असेल, म्हणूनच ती ठेवली असेल, असंही सुचवलं गेलं. जागा रिकामी दिसली की ती आपल्याला हव्या त्या पाहुण्यासाठीच राखलेली आहे असं वाटणं, हा काही फक्त शास्त्रज्ञांचा दोष नाही.

पोकळी नव्हतीच. २००२ साली ऑलिव्हर आइन्सले, रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १.१६ अँगस्ट्रॉम इतका बारीक नकाशा मिळवला आणि मधोमध एक हलका अणू उभा असलेला दिसला. दहा वर्षं तो तिथेच होता, पण दिसत नव्हता. आणि न दिसण्याचं कारण तो अंधारात होता हे नसून त्याच्याभोवती फार वजनदार मंडळी होती, हे होतं. क्ष-किरणांच्या मोजणीला मर्यादा असते, ठरावीक बारकाईपुढचे ठिपके मिळत नाहीत. गणितात तेवढा भाग तुटला की प्रत्येक अणूभोवती नकाशात खोट्या लहरी उमटतात, एक उंच, एक खोल. विहिरीच्या पाण्यात काठावरून सारख्याच अंतरावर सहा दगड एकदम पडले तर सगळ्यांच्या लाटा मध्यभागी एकाच वेळी पोचाव्यात, तसं इथे झालं. सहाही लोह केंद्रापासून एकाच अंतरावर, सुमारे दोन अँगस्ट्रॉमवर. नऊ गंधकही थोडे पुढे पण जवळपास एकाच अंतरावर. त्या सगळ्यांच्या खोलगट लहरी नेमक्या केंद्रात एकत्र झाल्या आणि तिथे बसलेल्या बिचाऱ्या हलक्या अणूचा उंचवटा त्यांनी पुसून टाकला. मोजणी बारीक झाली, लहरी आखडल्या, अणू वर आला.

तो कोणता, यावरून पुढची नऊ वर्षं गेली. कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन या तिघांपैकी कुणीतरी एक, एवढंच नक्की होतं. तिघांच्या इलेक्ट्रॉनांत एकेकाचाच फरक, तेव्हा नकाशावरून ओळख पटवणं अवघड. नत्र फोडणाऱ्या यंत्राच्या गाभ्यात नत्रच असणार, असं अनेकांना वाटत होतं. ते सोयीचंही होतं. २०११ च्या नोव्हेंबरमध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात दोन स्वतंत्र शोधनिबंध आले. फ्रायबुर्गला आइन्सले यांच्या गटाने १ अँगस्ट्रॉमचा नकाशा काढला आणि त्याच्या जोडीला जड कार्बनवर वाढवलेल्या जिवाणूंचे चुंबकीय मोजमाप केले; सेरेना डीबीअर यांच्या गटाने क्ष-किरण उत्सर्जनाचा वर्णपट घेतला. दोघांचं उत्तर एकच: कार्बन. सहा लोहांना एकदम धरून बसलेला एकटा कार्बन. सजीवांच्या रसायनशास्त्रात असं स्थळ दुसरीकडे सहसा पाहायला मिळत नाही.

हा कार्बन तिथे येतो कुठून, हे दुसऱ्याच वर्षी उलगडलं. पेशीतला एस-ॲडेनोसिल मिथिओनीन नावाचा रेणू आपला मिथाइल गट देतो आणि निफ-बी नावाचं प्रथिन त्यातले हायड्रोजन काढून टाकून नुसता कार्बन त्या समूहाच्या पोटात बसवतं. खर्चाच्या वहीतली पहिली मोठी नोंद इथेच आहे. क्लेब्सिएला या जिवाणूत नत्र बांधण्याची जनुकं वीसच्या आसपास आहेत. प्रत्यक्ष एन्झाइमच्या दोन प्रथिनांना त्यातली तीनच पुरतात. बाकीची बहुतेक सगळी समूह घडवण्यासाठी, धातू आणून देण्यासाठी, आणि काम कधी सुरू करायचं, कधी थांबवायचं ते ठरवण्यासाठी. अठरा अणूंचा एक समूह बसवायला एवढी माणसं कामाला! एकही नायट्रोजन फुटण्याआधी ही गुंतवणूक झालेली असावी लागते.

चालू खर्च त्याहून बोलका आहे. थोरल्या प्रथिनाला इलेक्ट्रॉन देण्याचं काम धाकट्याचं. ते दोन एटीपी, म्हणजे पेशीत ऊर्जा पोचवणारे दोन रेणू, घेऊन येतं, थोरल्याच्या अंगाला येऊन भिडतं, एक इलेक्ट्रॉन पुढे देतं, दोन्ही एटीपी खर्ची पडतात, मग ते सुटतं, नवा इलेक्ट्रॉन आणि नवे एटीपी घेतं आणि परत येतं. १९९७ साली ही जोडी भिडलेल्या अवस्थेतच पकडून तिचा नकाशा काढण्यात आला. एटीपी फुटण्याच्या क्षणाचं सोंग घेणारं ॲल्युमिनियम फ्लुओराइड वापरून दोघांना अडकवून ठेवलं होतं. दर खेपेला इलेक्ट्रॉन एकच. नायट्रोजनचा एक रेणू संपवायला अशा आठ खेपा. म्हणजे सोळा एटीपी, आणि बदल्यात अमोनियाचे दोन रेणू.

यात आणखी एक दुखणं आहे. दोन अमोनिया बनायला खरं तर सहा इलेक्ट्रॉन पुरेत. उरलेल्या दोघांचा हायड्रोजन वायू होतो आणि तो उडून जातो. चौथाई माल वाया! शिकवताना ही गळती म्हणूनच सांगितली जायची. आता बहुतेक अभ्यासकांचं मत वेगळं आहे. समूहावर आधी चार इलेक्ट्रॉन साठतात, ते हायड्रोजनच्या रूपात लोहांवर अडकून राहतात, आणि त्यातला हायड्रोजनचा रेणू सुटून जातो तेव्हाच समूह इतका आसुसतो की नायट्रोजनसारखा निर्विकार रेणूही त्याला पकडता येतो. म्हणजे ते दोन इलेक्ट्रॉन सांडलेले नाहीत, ती दाराची किंमत आहे. काही रायझोबियमांकडे उडालेला हायड्रोजन पुन्हा पकडून थोडी ऊर्जा वसूल करणारं वेगळं एन्झाइम असतं; पुष्कळांकडे नसतं.

आणि वेग? धाकटं प्रथिन दर खेपेला भिडणार, सुटणार, त्यात सर्वांत जास्त वेळ जातो. एका नायट्रोजनमागे सेकंद-सव्वा सेकंद जातो. आपल्या रक्तातलं कार्बोनिक अनहायड्रेज तेवढ्या वेळात कार्बन डायऑक्साइडच्या दहा लाख रेणूंचा निकाल लावू शकतं. काम इतकं सावकाश म्हटल्यावर ते भरून काढायला माणसं वाढवावी लागतात. नत्र बांधत असलेल्या जिवाणूच्या पेशीत एकूण प्रथिनांपैकी दहा टक्क्यांपर्यंत प्रथिन एकट्या नायट्रोजनेजचं असू शकतं. थळच्या कारखान्याला कॉम्प्रेसर लागतात, जिवाणूला एवढी खोगीरभरती लागते. बंध तोच, त्याची किंमत कुठल्यातरी चलनात मोजावीच लागते. कारखाना ती एका दमात, तापमानात आणि दाबात मोजतो; एन्झाइम ती एकेका इलेक्ट्रॉनच्या हप्त्याने मोजतं.

राखणदारी वेगळीच. हवेत जगणाऱ्या ॲझोटोबॅक्टरला ऑक्सिजन तर हवा, कारण एटीपी त्याच्यावरच बनतात; पण तो नायट्रोजनेजपर्यंत पोचता कामा नये. मग तो काय करतो, तर वेड्यासारखा श्वास घेतो. आत येणारा ऑक्सिजन एन्झाइमपाशी जाण्याआधीच साखर जाळून संपवून टाकतो. यातली पुष्कळ साखर केवळ राखणीवर जाते. कडधान्यांनी याहून नेटकी व्यवस्था केली. गाठीत झाड स्वतः लेगहिमोग्लोबिन बनवतं, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं नातलग. ते ऑक्सिजन घट्ट धरून मोजूनमापून पुरवतं. म्हणून निरोगी गाठ फोडली की आत रक्तासारखी गुलाबी दिसते.

या सगळ्याचं बिल झाडाकडे जातं. पानांनी उन्हात बनवलेली साखर खोडातून मुळांकडे येते, गाठीत जिवाणूंना मिळते. एक ग्रॅम नत्रामागे झाडाचा काही ग्रॅम कार्बन जातो. सहाच्या आसपासचा आकडा नेहमी सांगितला जातो, पीक आणि परिस्थितीनुसार तो बराच हलतो. ही साखर दाण्यात जाऊ शकली असती. झाडाला हे ठाऊक आहे, असं म्हणायला हरकत नाही, कारण ते वागतं तसंच. मातीत नायट्रेट भरपूर असलं की झाड नव्या गाठी धरत नाही, असलेल्यांचं काम मंदावतं. आयतं मिळतंय तर साखर कशाला मोजायची? सोयाबीन जरा पिवळं दिसलं की युरिया फेकणारे आपण त्याला नेमकं हेच शिकवत असतो. पेरणीबरोबरची शिफारस केलेली मात्रा गाठी धरेपर्यंतच्या दिवसांसाठी असते, ती वेगळी गोष्ट. त्यानंतरच्या मुठी मात्र बहुतेक वेळा बेवडाच्याच मुळावर येतात.

गेली पन्नासहून अधिक वर्षं एक स्वप्न चालू आहे: ही जनुकं गव्हात, मक्यात, ज्वारीत घालायची, की खताची गरजच उरणार नाही. १९७२ साली रे डिक्सन आणि जॉन पोस्टगेट यांनी क्लेब्सिएलाची ही जनुकं ई. कोलाय जिवाणूत नेली आणि तो नत्र बांधू लागला. तेव्हा वाटलं, आता धान्यं फार दूर नाहीत. अजून दूरच आहेत. जनुकं नेता येतात. समूह घडवायची यंत्रणा, ऑक्सिजनपासून राखण आणि सोळा एटीपींची तरतूद हे सगळं बरोबर न्यावं लागतं. या संशोधनावर पैसा खर्च व्हावा असं मला मनापासून वाटतं. पण ‘खत न लागणारी ज्वारी’ अशी जाहिरात कुणी केली तर मी आधी विचारीन, तिच्या कणसात भरायची साखर कुणी मोजायची?

एन्झाइमचं चित्र आता एका अँगस्ट्रॉमइतकं स्वच्छ आहे, तरी नायट्रोजन नेमका कुठल्या लोहावर, कसा येऊन बसतो यावर वाद मिटलेला नाही. २०१४ मध्ये कार्बन मोनॉक्साइड बसलेला समूह टिपला गेला तेव्हा आढळलं की त्याला जागा देण्यासाठी एक गंधक चक्क बाजूला झाला होता. म्हणजे दगडासारखा वाटणारा हा समूह काम करताना आपली रचना मोडतो. २०२० मध्ये नायट्रोजनच बसलेला पाहिल्याचा दावा झाला, पुढच्याच वर्षी या क्षेत्रातल्या अनेक जाणत्यांनी त्यावर लेखी आक्षेप घेतले. मला या भांडणाचं दडपण येत नाही. एकदा रिकामी दिसलेली जागा भरलेली निघाली आहे, तेव्हा दुसऱ्यांदा सगळ्यांनी डोळ्यांत तेल घालून पाहावं हेच बरं. ज्यांना हे चित्र स्वतः फिरवून पाहायचं आहे, त्यांच्यासाठी प्रोटीन डेटा बँकेत ते सर्वांना खुलं आहे. फ्रायबुर्गच्या नकाशाचा क्रमांक ३यू७क्यू.

आणि ज्यांचं शेत आहे त्यांच्यासाठी याहून सोपी तपासणी आहे. पेरणीनंतर पाच-सहा आठवड्यांनी सोयाबीनचं एखादं झाड कुदळीने मातीसकट उचला, मुळं पाण्यात हलक्या हाताने धुवा आणि दोन-चार गाठी नखाने फोडा. आत पांढरट किंवा हिरवट दिसलं तर काम बंद आहे. पुढच्या हंगामात त्याच पिकाची, ताजी पुडी घ्या, हरभऱ्याची सोयाबीनला चालत नाही, आणि बुरशीनाशक आधी, जिवाणू शेवटी हा क्रम पाळा. आत गुलाबी दिसलं तर युरियाची गोणी उघडू नका.